अरिस्तिदिसचं दुकान

मलिकजाननं गच्चीवरची छत्री
सहज पायानं वळवली
आणि वडगावात, आमच्या बाहेरच्या खोलीत,
शुक्रवारी रात्री साडेनवाला
ऑस्ट्रेलिया आली.

एक ग्रीक घर. खाली मासे तळायचं दुकान, वर दोन खोल्या.
मिशीवाला बाप अरिस्तिदिस,
काळ्या झग्यातली आत्या, जी भांडता भांडता ताटं भरते,
आणि पोरगा, जो इंग्लिशमध्ये उलटून बोलतो
नि ग्रीकमध्ये मार खातो.

खाली अक्षरं येत नव्हती.
शेजारच्या पियेदाद मिस स्वतःची खुर्ची घेऊन यायच्या,
ऐकून कोकणीत सांगायच्या,
मी ते मराठीत वळवायची,
आणि आई, कांदा चिरता चिरता, कन्नडात पोचवायची
मोतीबिंदू काढायला गोकाकहून आलेल्या शांतव्वा चिक्कम्माला.
चिक्कम्मापर्यंत विनोद जाईस्तोवर
टीव्हीतली माणसं रडायला लागलेली असायची.
ती तेव्हा हसायची,
डोळ्यावरची हिरवी पट्टी हातानं धरून.

बाबाचा प्रश्न एकच.
"मागनं हसालेत ते कोण?
दिसत न्हाईत कधी. भाड्यानं हायत काय त्या घरात?"
मिस म्हणाल्या, मशीन असतं ते.
"मशीनला कळतंय व्हय ग्रीक?"
आणि पुन्हा भज्यांच्या पिठाचा हात
गुडघ्यावर ठेवून बघत बसायचा.

एका शुक्रवारी अरिस्तिदिस कुठल्याशा कचेरीत गेला.
खिडकीतल्या बाईला त्याचं नाव उच्चारेना.
तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तिनं लिहिलं, हॅरी.
मशीन हसून हसून लोळलं.
आमच्याकडं कढईतलं तेल तेवढं वाजत होतं.

बाबा उठला, ट्रंकेतनं कार्ड काढून आणलं.
भरमाणी मुचंडीकर.
रेशनात कन्नडनं त्याला बरमनी केलं,
बँकेत इंग्लिशनं बर्मन,
पासबुकापुरता तो गेली नऊ वर्षं बंगाली आहे.
"ह्यो बोटीत बसून गेला, वाटंत सांडलं नाव, ठीक.
मी तर ह्या चुलीपुढनं हाललोसुद्धा न्हाई की."

मिसना इंग्लिशमध्ये काही सापडेना.
मी कार्डावरचा तेलाचा डाग पुसत बसले, तो पसरला.
मग आई कांद्याकडं बघतच बोलली, कन्नडातच:
सुम्म कुंदर्री.
लग्नाला एकवीस वर्षं झाली,
तुमचं नाव मी एकदाबी तोंडातनं काढलं न्हाई.
माझ्यापाशी हाय ते कोरं हाय.

त्या रात्री चिक्कम्मा
सगळ्यांच्या आधी हसली.
मग मी, मग मराठीतनं कोकणीत जाऊन मिस,
आणि बाबा लाजला, म्हणजे ओरडला,
"भाकरी करपाल्यात बघ!"
भाकरी तव्यावर नव्हतीच.

पुढं केबलवाल्यांची मारामारी झाली,
छत्री हुबळीकडं तोंड करून बसली,
पोराचं लग्न त्या गोऱ्या पोरीशी झालं की नाही, कळलं नाही.
चिक्कम्मा पट्टी काढून गोकाकला गेली,
तिला आता लांबचं दिसतं
आणि तिकडं सांगत असते, अरिस्तिदिसच्या घरी राहून आले.

एवढं मात्र उरलं.
त्यांच्या ताटात हिरवी, गोल, खारट अशी काही फळं असायची.
आई बघता क्षणी म्हणाली होती, करवंदंच की.
मे महिन्यात जांबोटीच्या रानातली कच्ची करवंदं आली,
तिनं बरणीत मीठपाण्यात घातली,
आणि पंधरा दिवसांनी दुकानात
मिरची भज्यांच्या शेजारी एक बशी दिसायला लागली.

"काय रे ह्ये, भरमाणी?"
"ग्रीक हाय. खाऊन बघ."
गिऱ्हाइकानं एक चावलं, डोळे मिटले, बी थुंकली.
"ग्रीक म्हंजे कुठं? खानापुराच्या अलीकडं का पलीकडं?"

बाबानं झाऱ्यानं तेल ढवळलं.
"हद्दीवरच हाय," म्हणाला.
"चटणी कुठली देऊ?"